नायट्रोबेंझीनपासून थेट पीएपी : अ‍ॅनिलिनला आवरायचं कसं?

पेटलेला_बनसेन
पॅरासिटामॉलचा कच्चा माल म्हणजे पॅरा-अमिनोफेनॉल, आपल्या बोलीत पीएपी. आपल्याकडचा रुळलेला रस्ता पीएनसीबीवरून (पॅरा-नायट्रोक्लोरोबेंझीन) जातो. कॉस्टिक सोड्याने दाबाखाली पीएनपी (पॅरा-नायट्रोफेनॉल) करा, मग लोखंडाच्या चुऱ्याने किंवा हायड्रोजनने पीएपी. दुसरा रस्ता नायट्रोबेंझीनवरून थेट : प्लॅटिनम-कार्बन (कोळशावर बसवलेलं प्लॅटिनम), सौम्य गंधकाम्ल, हायड्रोजन, सगळं एकाच भांड्यात. पुण्याच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) रघुनाथ चौधरी, चंद्रशेखर रोडे यांच्या गटाने १९९९ मध्ये यावर काम प्रसिद्ध केलं. त्याच्या कितीतरी आधी अमेरिकेत मॅलिनक्रॉट कंपनीची पेटंटं होती.

कागदावर झकास. प्रत्यक्षात नको असलेलं अ‍ॅनिलिन इतकं होतं की पीएपी जोडधंदा वाटावा. माझा प्रश्न कॅटॅलिस्टच्या (उत्प्रेरकाच्या) संशोधनाबद्दल आहे. निवडकता (पीएपी जास्त, अ‍ॅनिलिन कमी) वाढवायला नवा कॅटॅलिस्ट शोधायचा, की आहे त्याच प्लॅटिनमला नीट वागवायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. आकड्यांसकट टाकलात तर दंडवत.

चहाबिस्किट
पहिला! आता चहा घेऊन बसतो.

अर्धी_पीएचडी
आधी रसायन मांडून घेऊ, नाहीतर पन्नास प्रतिसादांनंतर कुणीतरी 'पण अ‍ॅनिलिन येतंच कुठून' असं विचारणार.

नायट्रोबेंझीन दोन मोल हायड्रोजन घेऊन फिनाइल-हायड्रॉक्सिलअमीनपर्यंत येतं. पुढे फाटा फुटतो. हे रेणू आम्लात पोचले तर बॅम्बर्गर पुनर्रचना (१८९४) होते : प्रोटॉन लागतो, पाणी निघून जातं आणि दुसरा पाण्याचा रेणू पॅरा जागेवर येऊन बसतो. झालं पीएपी. तेच रेणू कॅटॅलिस्टवर रेंगाळले तर तिसरा मोल हायड्रोजन घेऊन अ‍ॅनिलिन होतात. अ‍ॅनिलिनपासून परत फिरायला रस्ता नाही.

म्हणजे इथे उलटा न्याय आहे. एरवी हायड्रोजनेशनचा कॅटॅलिस्ट जितका तगडा तितका चांगला. इथे पहिली पायरी झटपट करणारा आणि दुसरीला आळशी असा गडी हवा. पॅलॅडियम आणि रॅनी निकेल दोन्ही पायऱ्या एका दमात चढतात. निकेल तर गरम आम्लात विरघळूनच जातं. प्लॅटिनम आम्लात टिकतं आणि हायड्रॉक्सिलअमीनवर त्यातल्या त्यात थबकतं. म्हणून प्लॅटिनम.

तळोजेकर
अर्धी_पीएचडी, रसायन बरोबर. पण निम्मा खेळ ढवळण्याचा आहे, तो राहिला.

भांड्यात चार गोष्टी एकत्र असतात : वायू, आम्लाचं पाणी, नायट्रोबेंझीनचे थेंब आणि कोळशावरचं प्लॅटिनम. कोळशाला पाण्यापेक्षा नायट्रोबेंझीन जवळचं, त्यामुळे कॅटॅलिस्ट थेंबांत जाऊन बसतो. हायड्रॉक्सिलअमीन तयार होतं थेंबात, आम्ल असतं बाहेर. थेंब मोठे राहिले तर बाहेर पडेपर्यंत त्याचं अ‍ॅनिलिन झालेलं असतं. म्हणून थेंब बारीक हवेत, म्हणजे ढवळणं जोरदार हवं. पण जोरदार ढवळलं की हायड्रोजनही जास्त विरघळतो, आणि कॅटॅलिस्टवर हायड्रोजन भरपूर झाला की दुसरी पायरी सोकावते.

उपाय साधा : ढवळणं जोरात, दाब कमी. दाब एक-दीड किलो गेजपर्यंतच (म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबावर तेवढा). बॅच संथ वाटली की दाब वाढवायचा मोह होतो. वेळ वाचतो, पीएपी घटतं.

पेटलेला_बनसेन
@तळोजेकर, म्हणजे हायड्रोजनला उपाशी ठेवायचं?

तळोजेकर
अर्धपोटी. अगदी उपाशी ठेवलात तर नायट्रोसोबेंझीन आणि हायड्रॉक्सिलअमीन एकमेकांना भेटून अ‍ॅझॉक्सीबेंझीन व्हायला लागतं, आणि ते तेलकट पिवळं लचांड पुढे निस्तरत बसावं लागतं.

शून्य_पीएच
इथे थोडा असहमत. हायड्रोजन कमी ठेवून निवडकता मिळते ती उसनी असते. हजार आरपीएमवर जमलेलं गणित मोठ्या भांड्यात कोलमडतं. गरम सौम्य गंधकाम्लापुढे एसएस ३१६ (स्टेनलेस स्टील) टिकत नाही, म्हणून ग्लासलाइन्ड (आतून काचेचं अस्तर असलेलं) भांडं आलं. ग्लासलाइन्डमध्ये बहुतेक वेळा मागे वळलेल्या पात्यांचा ढवळा आणि एखादा बॅफल (फिरता द्रव अडवणारी पट्टी). हा ढवळा द्रव फिरवतो, वायूचे बुडबुडे मात्र नीट फोडत नाही. म्हणजे मोठ्या भांड्यात दाब तोच ठेवूनही कॅटॅलिस्टपर्यंत हायड्रोजन किती पोचतो ते वेगळं, थेंबांचा आकारही वेगळा. प्रयोगशाळेतला एक-दीड किलो तिथे लागू होईलच असं नाही.

मला तापमानाची कळ जास्त भरवशाची वाटते. पुनर्रचनेला ऊर्जेचा उंबरठा उंच आहे. वायू पोचण्यावर अडलेल्या हायड्रोजनेशनला तो खूपच कमी. म्हणजे तापमान वाढवलं की पुनर्रचना जास्त पटीने वाढते. ६० ऐवजी ८५ अंशांवर चालवा. शंभरच्या पुढे मात्र डांबर आणि ऑक्सिडायअ‍ॅनिलिनसारखी दोन कडी जुळलेली अशुद्धी डोकं वर काढते.

मुकादम
एवढं सगळं लिहिलंत, पण भांड्यात काय आणि किती घालायचं ते कुणीच सांगेना. सुरुवातीला धरून चालायला एक लिटरच्या काचेच्या अस्तराच्या ऑटोक्लेव्हसाठी मांडणी देतो. मग ज्याला जे बदलायचं ते बदला.

नायट्रोबेंझीन ६१.५ ग्रॅम (अर्धा मोल). १५ टक्क्यांचं गंधकाम्ल ५०० ग्रॅम, म्हणजे निव्वळ आम्ल ७५ ग्रॅम. ३ टक्के प्लॅटिनम-कार्बन कोरड्या हिशेबाने ०.२ ग्रॅम. माल ५० टक्के ओला येतो, तेव्हा वजन ०.४ ग्रॅम करा. यात निव्वळ प्लॅटिनम ६ मिलिग्रॅम. थेंब बारीक राहायला क्वाटरनरी अमोनियमचा साबण ०.१ ग्रॅम. ८० ते ८५ अंश, दाब वर म्हटल्याप्रमाणे.

क्रम चुकवू नका. आधी नायट्रोजनखाली ओला कॅटॅलिस्ट आणि आम्ल, मग नायट्रोबेंझीन. झाकण लावून नायट्रोजन ३ किलो गेजपर्यंत भरा आणि सोडा, असं तीनदा. प्रत्येक वेळी ऑक्सिजन चौथाई होतो : २१ टक्क्यांवरून ५.२, मग १.३, मग ०.३३. एकदाच भरून 'झालं की' म्हणणाऱ्याच्या भांड्यात ५ टक्के उरतो, आणि हायड्रोजनला पेटायला साधारण तेवढाच लागतो. यानंतर तापवा, तापमान स्थिरावू द्या आणि मगच हायड्रोजन. गार असताना हायड्रोजन सोडला तर वर चढता चढताच हायड्रॉक्सिलअमीन साचतं. ते साचलेलं असणं निवडकतेला वाईट आणि सुरक्षिततेलाही, कारण त्याचं विघटन उष्णता देणारं आहे.

आणि पूर्ण संपवू नका. ८५ टक्क्यांच्या आसपास नायट्रो संपला की थांबा.

गाळणीवाली
मुकादम यांच्या शेवटच्या ओळीचं कारण लिहिते, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

नायट्रोबेंझीन शिल्लक ठेवायचं ते कॅटॅलिस्टच्या वाहनासाठी. ढवळणं थांबवलं की जड नायट्रोबेंझीन खाली बसतं आणि कोळशाला सोबत घेऊन जातं. वरचं पाणी काढून घ्या, खालचा काळा थर पुढच्या बॅचला तसाच वापरा. गाळणी नाही, ओला केक हवेत उघडा पडायची भीती नाही. हायड्रोजन प्यालेला प्लॅटिनम-कार्बन गाळणीवर कोरडा पडला की ठिणगीची वाट पाहत नाही.

नायट्रो पूर्ण संपला तर कोळसा अनाथ होतो, पाण्यात आणि भिंतींवर पसरतो. मग गाळण्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय शेवटी शेवटी नायट्रो कमी पडला की प्लॅटिनमवर जागा रिकामी होते आणि हायड्रॉक्सिलअमीन तिथे चढून बसतं. म्हणजे शेवटच्या पंधरा टक्क्यांत अ‍ॅनिलिनची टक्केवारी वाईट होते. दोन्ही बाजूंनी नुकसान.

एक अडचण आहेच. ८० अंशांना नायट्रोबेंझीनची घनता १.१४ च्या आसपास, १५ टक्के आम्लाची १.०७. त्यात पीएपीचं मीठ विरघळलं की पाणी आणखी जड. फरक इतका थोडा की थर बसायला वेळ लागतो. वर साबण जास्त पडला असेल तर मधे तपकिरी फेसाळ पट्टा तयार होतो, ना वरचा ना खालचा. प्लॅटिनमची गळती त्या पट्ट्यातून होते. साबण मोजून घाला, 'थोडा जास्त टाकला तर काय बिघडतं' म्हणू नका.

चहाबिस्किट
थोडक्यात, नायट्रोबेंझीन म्हणजे एसटीचा कंडक्टर. शेवटच्या थांब्यापर्यंत गाडीत हवाच. (हलकेच घ्या.)

कोळशाची_वखार
गाळणीवाली, तपकिरी पट्ट्याचं वर्णन वाचून डोळ्यापुढे साइट ग्लास (भांड्यात डोकावायची काच) आली.

माझा सूर जरा वेगळा आहे. या मार्गाला 'हरित' म्हणायची फॅशन आहे म्हणून हिशेब मांडतो. लोखंडाच्या मार्गात पीएनपीच्या चार मोलना लोखंडाचे नऊ अणू लागतात. म्हणजे किलोभर पीएपीमागे लोखंड सव्वा किलोच्या जरा खाली, आणि कोरडा काळा गाळ सुमारे १.६ किलो. तो तळोजा किंवा रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या सामायिक केंद्रात पाठवायचा. कबूल, वाईट आहे.

आता मुकादम यांची मांडणी घ्या. ७५ ग्रॅम गंधकाम्ल अमोनियाने मारायला २५ टक्क्यांचं द्रावण साधारण १०४ ग्रॅम लागेल, आणि अमोनियम सल्फेट होईल १०१ ग्रॅम. ८५ टक्के रूपांतर आणि त्यातलं ७५ टक्के पीएपी असं धरलं तर पीएपी मिळेल ३५ ग्रॅम. म्हणजे एका किलोमागे जवळपास तीन किलो खत. हरित कसलं? फक्त काळ्याचं पांढरं झालं.

शून्य_पीएच
हाहा, 'काळ्याचं पांढरं' जबरी. पण गणित एका सुरुवातीच्या मांडणीवर बेतलंय. त्याच आम्लात नायट्रो थोडा थोडा सोडत दुप्पट वापरला तर आकडा निम्म्यावर येतो. पीएपीलाच एक प्रोटॉन लागतो, अ‍ॅनिलिनलाही, तेव्हा आम्ल त्याहून खाली नेता येत नाही, एवढंच.

आणि इथेच बनसेन यांच्या मूळ प्रश्नातलं संशोधन येतं. गंधकाम्लाऐवजी घन आम्ल वापरायचे प्रयत्न बरेच झाले : झिओलाइट, आयन-एक्स्चेंज रेझिन, प्लॅटिनम आणि आम्ल एकाच कणावर. कल्पना सुंदर. अडचण अशी की तयार होणारी दोन्ही अमाइन अल्कली स्वभावाची आहेत. ती आम्लाच्या जागांना चिकटून बसतात आणि कॅटॅलिस्ट आपल्याच मालाने गुदमरतो.

पाणचट
मग गंधकाम्ल सोडून हायड्रोक्लोरिक का नाही? अमोनियम क्लोराइड तरी होईल, विकायला सोपं.

गाळणीवाली
पाणचट, अजिबात नको! पुनर्रचनेत पॅरा जागेवर जो आधी पोचेल तो बसतो. पाणी पोचलं तर पीएपी, क्लोराइड पोचला तर पॅरा-क्लोरोअ‍ॅनिलिन. ते पुढे असेटिलेशनमध्ये (पीएपीचं पॅरासिटामॉल करताना) ४-क्लोरोअसेटॅनिलाइड होऊन पॅरासिटामॉलमध्ये शिरतं, आणि त्याची फार्माकोपियातली (औषधांच्या मानकांच्या ग्रंथातली) मर्यादा १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) आहे. पीएनसीबीवाल्यांना हीच अशुद्धी सतावते. नायट्रोबेंझीनच्या मार्गात क्लोरीन मुळातच नाही, हा त्याचा मोठा फायदा. तो आपण होऊन घालवायचा?

याच न्यायाने भांड्यात मिथेनॉल आलं तर पॅरा-अ‍ॅनिसिडीन होतं. 'विरघळत नाही, थोडं मिथेनॉल टाकू' हा विचार मनात आला तर हात मागे बांधा.

अर्धी_पीएचडी
गाळणीवाली +१. पण मग मुकादम यांचा साबण? क्वाटरनरी अमोनियम बहुतेक क्लोराइड किंवा ब्रोमाइड म्हणूनच येतं!

मुकादम
पकडलंत. हिशेब करू. डोडेसिल-ट्रायमिथाइल जातीचा क्लोराइड ०.१ ग्रॅम म्हणजे क्लोराइड १३ मिलिग्रॅम. सगळाच्या सगळा रिंगवर जाऊन बसला असं धरलं तरी मोलच्या हिशेबात हजारात एकच्या आसपास. प्रत्यक्षात पाणी त्याच्या साठ हजार पट आहे, त्यामुळे तेवढं होणार नाही. पण मर्यादाच १० पीपीएम असल्यावर 'होणार नाही' यावर झोप लागत नाही. औषधाच्या दर्जाच्या मालाला हायड्रोजन सल्फेट मीठ घ्या. महाग आहे, पण ०.१ ग्रॅमचा प्रश्न आहे.

तळोजेकर
अवांतर : नायट्रोबेंझीन आणि अ‍ॅनिलिन दोन्ही कातडीतून आत जातात आणि रक्तातला ऑक्सिजन वाहणारा भाग निकामी करतात. ओठ, नखं निळसर दिसली तर वेळ घालवू नका. पीव्हीसी किंवा साध्या रबराचे हातमोजे नायट्रोबेंझीनला अडवत नाहीत, ब्यूटाइल रबराचे लागतात. आतून ओलसर लागेपर्यंत वाट बघायची नसते.

चहाबिस्किट
हा प्रतिसाद अवांतर नाही, तळोजेकर. वाचनखूण साठवली.

कोळशाची_वखार
प्लॅटिनमला हलकं विष देऊन आळशी करायची युक्ती अजून कुणी काढली नाही. डायमिथाइल सल्फॉक्साइड, थेंबभर. गंधक प्लॅटिनमच्या सगळ्यात चपळ जागांवर बसतं आणि हायड्रॉक्सिलअमीन पुढे जायचं मंदावतं. एंगलहार्ड कंपनीचे रायलँडर यांनी हे फार पूर्वी दाखवलं होतं. नवा कॅटॅलिस्ट न शोधता हातातला सुधारायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग.

शून्य_पीएच
स्वस्त, पण निसरडा. कॅटॅलिस्ट परत परत वापरायचा असेल तर दर बॅचला विष साठत जातं. पहिल्या बॅचला योग्य असलेली मात्रा पाचवीला जास्त होते. पहिल्यांदा घाला, नंतर हायड्रोजन घेण्याचा वेग पाहूनच. वेग घसरला असेल तर अजिबात नाही.

पेटलेला_बनसेन
बरीच मेजवानी झाली. आता एक व्यावहारिक शंका : दर बॅचला निवडकता किती आली ते एचपीएलसीची (प्रयोगशाळेतल्या यंत्रावरच्या तपासणीची) वाट न बघता कळेल का? आणि अ‍ॅनिलिन शेवटी वेगळं कसं करायचं?

मुकादम
पहिल्याचं उत्तर हायड्रोजनच्या मीटरवर आहे. पीएपीला दोन मोल, अ‍ॅनिलिनला तीन. संपलेल्या नायट्रोच्या प्रत्येक मोलमागे २.२५ मोल हायड्रोजन गेला असेल तर चौथा हिस्सा अ‍ॅनिलिन. २.४ गेला असेल तर ४० टक्के. संपलेला नायट्रो मात्र मोजावा लागेल : टोल्युइनमध्ये ओढून जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ). आणि कुठे गळत असेल तर आकडा फुगून अ‍ॅनिलिन जास्त दिसेल, तेव्हा आधी अर्धा तास दाब धरून बघा.

गाळणीवाली
दुसऱ्याचं मी घेते. दोघांचा अल्कलीपणा किंचित वेगळा आहे, त्यावर सगळं चालतं. अ‍ॅनिलिनचा पीकेए (जितका जास्त तितका अल्कलीपणा जास्त) ४.६, पीएपीचा ५.५. पीएच ५ ला आणलात की अ‍ॅनिलिनचा ७० टक्क्यांवर भाग मोकळा होऊन टोल्युइनमध्ये जायला तयार असतो. पीएपीचा चौथाईच मोकळा असतो, आणि त्यालाही टोल्युइनपेक्षा पाणीच बरं वाटतं. टोल्युइनने दोन-तीनदा धुवा. अ‍ॅनिलिन निघत गेलं की उरलेलं आपोआप मोकळं होत जातं. उरलेलं नायट्रोबेंझीनही त्यातच निघतं.

हे सगळं ६०-७० अंशांवर. गार पाण्यात पीएपी १०० मिलीला दीड ग्रॅमच विरघळतं. वरच्या मांडणीत पीएच ५ ला मोकळं पीएपी जवळपास तेवढंच असतं. म्हणजे गार केलंत की धुता धुताच स्फटिक पडायला लागतात आणि वेगळ्या करायच्या नरसाळ्याचा नळ तुंबतो.

थर वेगळे झाले की अमोनिया घालत पीएच ७ च्या थोडं वर न्या आणि सावकाश गार करा. अमोनिया घालायच्या आधी सोडियम मेटाबायसल्फाइट चिमूटभर आणि वर नायट्रोजन. हवा लागली की पीएपी आधी गुलाबी, मग जांभळट, मग विटकरी. आठच्या वर पीएच गेला तर हा रंग मिनिटांत येतो. नमुना काढतानाही बाटलीत आधी बायसल्फाइट, नाहीतर एचपीएलसीला पाठवलेला माल आणि भांड्यातला माल वेगळाच.

पाणचट
गुलाबी पीएपीपासून गुलाबी पॅरासिटामॉल होतं का? लहान मुलांना आवडेल.

गाळणीवाली
होतं, आणि क्यूए (गुणवत्ता विभाग) परत पाठवतं. पॅरासिटामॉलमध्ये पीएपी उरायची मर्यादा ५० पीपीएम आहे. रंग बघून त्याआधीच गचांडी मिळते.

अर्धी_पीएचडी
मूळ प्रश्नावर परत येतो : नवा कॅटॅलिस्ट की जुन्याची नीट वागणूक? सध्या दुसरं. तापमान, दाब, थेंबाचा आकार आणि नायट्रो शिल्लक ठेवणं या चार कळा न जुळवता नवीन धातू आणला तर सुधारणा धातूमुळे झाली की ढवळण्यामुळे, हे सांगताच येत नाही. कॅटॅलिस्टची मात्रा दुप्पट केल्यावर वेग दुप्पट होतो का, हे आधी बघा. होत नसेल तर तुम्ही प्लॅटिनम तपासत नाही, ढवळा तपासताय.

संशोधनाला जागा दिसते ती खडकासारख्या घट्ट घन आम्लात, जे अमाइन झटकून टाकेल. ते जमलं की वखारवाल्यांचं तीन किलो खत वाचेल.

कोळशाची_वखार
तोवर ऊसवाल्यांना फोन लावून ठेवतो.

शून्य_पीएच
आधी त्यातलं अ‍ॅनिलिन वाफेने उडवा, मग फोन लावा.

पेटलेला_बनसेन
सर्वांचे आभार. पुढची मांडणी : ८५ अंश, दाब एक किलो, साबण हायड्रोजन सल्फेट, आणि कॅटॅलिस्ट कोरड्या हिशेबाने एकदा ०.२ ग्रॅम, एकदा ०.४ ग्रॅम. हायड्रोजनचं गुणोत्तर इथेच टाकेन.

मुकादम
दाब धरून बघायला विसरू नका. अर्धा तास.